मूर्ख हेर, शहाणे विडंबन : 'ओएसएस ११७' समजून घेताना

एक फ्रेंच गुप्तहेर आणि मोसाद या इस्रायली हेरसंस्थेची एक अधिकारी यांच्यात हुकूमशाही म्हणजे काय, यावर बोलणे निघते. हेराची व्याख्या तयारच असते : जिथले लोक कम्युनिस्ट असतात, थंडीने कुडकुडत असतात, करड्या टोप्या घालतात आणि ज्यांच्या बुटांना चेन असते, तो देश हुकूमशाहीचा. ती शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, की ज्या देशाचा अध्यक्ष लष्करातला माणूस आहे आणि सगळे अधिकार त्याच्या हाती आहेत, जिथे गुप्त पोलीस आहेत, दूरचित्रवाणीची एकच वाहिनी आहे आणि बातम्यांवर पूर्णपणे सरकारचा ताबा आहे, अशा देशाला तुम्ही काय म्हणाल? हेर जराही न अडखळता, छाती फुगवून सांगतो, की अशा देशाला मी फ्रान्स म्हणतो; आणि तोही साधासुधा फ्रान्स नव्हे, जनरल द गॉल यांचा फ्रान्स.

हा प्रसंग 'ओएसएस ११७ : रिओ न रेपाँ प्लू' या फ्रेंच चित्रपटातला आहे. रिओकडून उत्तर येईनासे झाले आहे, असा या शीर्षकाचा अर्थ. कथा १९६७ सालात घडते, चित्रपट मात्र एप्रिल २००९ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मिशेल हाझानाविसियुस, पटकथा त्यांची आणि झाँ-फ्रांस्वा आलँ यांची, आणि हेराच्या भूमिकेत झाँ द्युजार्दां. फ्रान्समध्ये त्याची सुमारे २५ लाख तिकिटे खपली. वरचा संवाद ऐकून आपल्याकडचा प्रेक्षकही हसेल, परंतु फ्रेंच प्रेक्षक ज्या कारणाने हसला ते कारण समजण्यासाठी थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो. १९६७ मध्ये फ्रान्सला वाहिन्या खरे तर दोन होत्या. दुसरी १९६४ साली सुरू झाली होती. पण दोन्ही ओआरटीएफ या एकाच सरकारी संस्थेच्या होत्या, देशाला माहितीमंत्री होता, आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधी उमेदवारांना छोट्या पडद्यावर हक्काचा वेळ पहिल्यांदा मिळाला तो १९६५ साली. म्हणजे मोसादच्या त्या बाईचा आकडा एकाने चुकला असला, तरी मुद्दा चुकलेला नाही. हेराला मुद्दा कळतच नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

या हेराचे नाव उबेर बोनिसर द ला बात. त्याचा जन्म कादंबरीत झाला. झाँ ब्रूस नावाच्या लेखकाने १९४९ मध्ये त्याची पहिली कथा छापली, म्हणजे जेम्स बाँडच्या पहिल्या कादंबरीच्या चार वर्षे आधी. पुढे ब्रूस यांनी ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९६३ मध्ये मोटार-अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांच्या पत्नी जोसेत ब्रूस यांनी हे काम हाती घेऊन आणखी शंभराहून अधिक कादंबऱ्यांची भर घातली आणि नंतर मुलांनीही तो वारसा चालवला. मूळ कादंबऱ्यांतला उबेर अमेरिकन आहे. फ्रेंच वंशाचा, पण अमेरिकेच्या हेरखात्यात नोकरी करणारा. 'ओएसएस' हे त्या देशाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या हेरसंस्थेचे आद्याक्षरी नाव असून ती संस्था १९४५ मध्येच बंद झाली होती.

साठच्या दशकात बाँडपटांनी जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा फ्रेंच निर्मात्यांना हा घरचाच माल आठवला. १९६३ पासून १९६८ पर्यंत उबेरवर एकामागून एक पाच चित्रपट निघाले. केर्विन मॅथ्यूज, फ्रेडरिक स्टॅफर्ड आणि जॉन गॅव्हिन असे तीन नायक बदलले. बँकॉक, ब्राझीलमधले बाहिया, टोकियो अशी ठिकाणेही बदलत गेली. कोठेतरी उकाड्याचा देश, हॉटेलच्या खोलीत एक सुंदर बाई, एक खलनायक, एक मारामारी, आणि शेवटी नायकाचा सुटलेला टाय पुन्हा नीट बसवणे, असा तो साचा. ही लाट एकट्या फ्रान्सपुरती नव्हती. आपला जितेंद्र 'फर्ज' चित्रपटात एजंट ११६ होऊन आला तेही १९६७ सालीच. हे सगळे चित्रपट गंभीरपणे काढलेले होते. त्यांत विनोद असला तर तो नायकाच्या हजरजबाबीपणाचा. नायकावर हसायची मुभा कोणालाच नव्हती.

हाझानाविसियुस यांनी २००६ मध्ये उबेरवरचा आपला पहिला चित्रपट काढला तो १९५५ च्या कैरोत घडणारा. त्या वेळी त्यांनी मूळ पात्रात एकच मोठा बदल केला : उबेर अमेरिकन राहिला नाही, तो फ्रान्सच्या परदेशी हेरखात्याचा फ्रेंच अधिकारी झाला. वरवर पाहता हा तपशिलातला फेरफार वाटेल. प्रत्यक्षात त्यामुळे विनोदाचा रोखच बदलला. नायक अमेरिकन असता, तर फ्रेंच प्रेक्षक परक्याच्या अडाणीपणावर सुखाने हसला असता. तो फ्रेंच झाल्याबरोबर पडद्यावरचा अडाणीपणा प्रेक्षकाच्या वाडवडिलांचा झाला. हेरपटाची टिंगल हे या चित्रपटांचे निमित्त आहे. टिंगल चालली आहे ती पन्नास-साठच्या दशकांतल्या फ्रान्सने स्वतःविषयी बाळगलेल्या समजुतींची.

विडंबन करायचे तर मूळ रचनेवर पूर्ण पकड लागते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. 'झेंडूची फुले' मधली विडंबने आजही टवटवीत वाटतात, कारण आचार्य अत्र्यांची वृत्ते कोठेही ढिली पडत नाहीत. आशय वेडावणारा, पण बांधणी मूळ कवीच्या तोडीची. हाझानाविसियुस यांचा मार्ग नेमका हाच आहे. १९९३ मध्ये त्यांनी आणि एका सहकाऱ्याने वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या चित्रपटांचे तुकडे जोडून, त्यांवर साफ नवे फ्रेंच संवाद चढवून दूरचित्रवाणीसाठी एक अख्खा चित्रपट तयार केला होता. जुने हॉलिवूड कसे दिसते, कॅमेरा कोठे थांबतो, नट बोलण्याआधी किती वेळ पाहत राहतो, या सगळ्याचा अभ्यास तिथेच झाला असणार.

त्याचा परिणाम दोन्ही चित्रपटांत दिसतो. कैरोचा चित्रपट पन्नासच्या दशकातल्या स्टुडिओपटासारखा दिसतो : गडद रंग, चेहऱ्यावर नेमका पडणारा प्रकाश, आणि मोटार चालवताना मागच्या काचेतून दिसणारा, उघडच पडद्यावर सोडलेला रस्ता. रिओचा चित्रपट बारा वर्षांनंतरच्या काळातला, म्हणून त्याचे व्याकरणही निराळे. १९६७-६८ च्या सुमारास पडद्याचे चौकोन पाडून एकाच वेळी चार-पाच दृश्ये दाखवण्याची टूम निघाली होती. हा चित्रपट ती मनसोक्त वापरतो. झूम एकदम पुढे झेपावतो, बाहेरची चित्रीकरणे भरपूर आहेत, ब्राझिलियाच्या नव्याकोऱ्या काँक्रीटच्या इमारती रुंद पडद्यावर येतात. छायालेखक गियोम शिफमन आणि संगीतकार लुदोविक बुर्स यांनी या सजावटीत कोठेही डोळा मारलेला नाही. आवाज बंद करून पाहिले, तर बराच वेळ हा खरोखर त्या काळातला चित्रपट वाटावा. म्हणूनच उबेरने तोंड उघडले, की दचका बसतो.

द्युजार्दां यांचा अभिनयही याच शिस्तीतला. एक भुवई उंचावणे, गरजेपेक्षा अर्धा क्षण जास्त टिकणारे हास्य, आणि कोटाची बाही सावरताना स्वतःवरच खूश झालेली नजर, ही त्यांची हत्यारे. त्यात शॉन कॉनरीची ढब आहे आणि फ्रेंच नट बेलमाँदोचा उनाडपणाही आहे. विनोदी नटाला वेडेवाकडे तोंड करण्याचा जो मोह होतो, तो त्यांनी आवरला आहे. उबेरला आपण विनोदी आहोत याची कल्पनाच नाही, आणि नटाने ती कोठेही दिसू दिलेली नाही. कैरोच्या चित्रपटात कोंबड्यांच्या कारखान्याचा मालक म्हणून तो वावरत असतो. दिवा लावला की शेकडो कोंबड्या कलकलाट करतात, मालवला की चिडीचूप. हा शोध लागल्यावर देशाचा सर्वोत्तम हेर लहान मुलासारखा बटण खालीवर करीत बसतो. कामगाराला बक्षीस म्हणून तो देतो काय, तर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रने कोती यांचे छायाचित्र. पहाटेच्या अजानने झोपमोड होते, तेव्हा मिनारावर चढून मुअज्जिनला गप्प करून येतो, आणि आपण काही वावगे केले हे त्याच्या गावीही नसते. कथेतल्या सालानंतर वर्षभरातच नासरने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि फ्रान्स-ब्रिटनची तिथली सद्दी संपली, हे प्रेक्षकाला माहीत असते. पडद्यावर ते कोणीच सांगत नाही.

इथे या विनोदाची रीत नीट लक्षात घ्यायला हवी. जुन्या काळातला हेर आजच्या जगात आणून सोडला, की हशा मिळवणे सोपे असते. पात्रे त्याला नावे ठेवतात आणि प्रेक्षकाचे काम हलके होते. हाझानाविसियुस यांनी तसे केले नाही. उबेर त्याच्याच काळात राहतो, त्याच्यासारखे विचार करणारे साहेब त्याच्या आजूबाजूला असतात. आजचा माणूस चित्रपटात कोठेच नाही. तो खुर्चीत बसलेला आहे. पुढे काय झाले हे त्याला ठाऊक आहे आणि उबेरला ठाऊक नाही, या अंतरात विनोद घडतो. रिओच्या कथेसाठी १९६७ हे साल निवडण्यात फार धूर्तपणा आहे. १९५५ मध्ये उबेरची मते त्याच्या वर्गातल्या बहुतेक पुरुषांचीच होती. १९६७ मध्ये तो आहे तिथेच आहे आणि जग सरकले आहे : किनाऱ्यावर हिप्पी आहेत, स्त्रिया अधिकारी झाल्या आहेत, आणि फ्रान्समधल्या विद्यार्थी-कामगारांच्या मे १९६८ च्या आंदोलनाचा भडका उडायला वर्षभर उरले आहे.

कथानक सांगायला सोपे. फोन झिमेल नावाचा एक नाझी ब्राझीलमध्ये दडून बसला आहे. जर्मन अमलाच्या काळात ज्या फ्रेंच माणसांनी शत्रूला साथ दिली, त्यांच्या नावांची यादी एका मायक्रोफिल्मवर त्याच्याजवळ आहे, आणि तिच्या जोरावर तो फ्रान्स सरकारकडे पैसे मागतो. पैसे पोचवून फिल्म आणणे ही उबेरची कामगिरी. मोसादलाही झिमेल हवा आहे, पण खटल्यासाठी. त्यासाठी दोलोरेस कुलेशॉव्ह ही अधिकारी आली आहे. लुईझ मोनो यांनी ती भूमिका केली आहे. यातला फरक बारकाईने पाहावा : इस्रायलला गुन्हेगार न्यायालयापुढे उभा करायचा आहे, फ्रान्सला कागद दडपायचा आहे. उबेरला हा फरक जाणवत नाही, कारण फ्रान्समध्ये शत्रूला मिळालेले लोक असतीलच कशाला, हा त्याचा प्रामाणिक प्रश्न आहे. जनरलसाहेबांनी सांगितले आहे ना, की सगळा देश लढला!

हा विनोद कळण्यासाठी त्या काळाची थोडी माहिती हवी. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि मार्शल पेताँ यांचे व्हिशी सरकार आले. हे सरकार जर्मनांच्या हातचे नुसते बाहुले नव्हते. पुष्कळ गोष्टी त्याने स्वतःहून केल्या. जुलै १९४२ मध्ये पॅरिस परिसरात दोन दिवसांत सुमारे १३ हजार ज्यू माणसे पकडली गेली, ती फ्रेंच पोलिसांनी पकडली. युद्ध संपल्यावर देश पुन्हा उभा करायचा, तर दुफळीची आठवण जागी ठेवून चालणार नव्हते. ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त पॅरिसच्या नगरभवनातून द गॉल बोलले, ते पॅरिसने स्वतःला मुक्त केले आणि साऱ्या फ्रान्सने त्याला साथ दिली, अशा अर्थाचे. पुढची पंचवीस वर्षे हीच अधिकृत आठवण राहिली. प्रतिकारवीर झाँ मुलँ यांचे अवशेष डिसेंबर १९६४ मध्ये मोठ्या समारंभाने पाँतेआँ या पॅरिसमधल्या राष्ट्रीय स्मारकात नेण्यात आले. फ्रेंचांच्या सहकार्याची उघड चर्चा करणारा एक प्रदीर्घ माहितीपट १९६९ मध्ये तयार झाला, पण फ्रेंच दूरचित्रवाणीवर तो यायला १९८१ उजाडले. मोरिस पापाँ यांचे उदाहरण तर पटकथेत घातले असते तर अतिशयोक्त वाटले असते. बोर्दोमधून ज्यूंची रवानगी करण्यात अधिकारी म्हणून त्यांचा हात होता. तेच पापाँ १९५८ पासून १९६७ च्या सुरुवातीपर्यंत पॅरिसचे पोलीसप्रमुख होते, पुढे मंत्रीही झाले, आणि त्यांना शिक्षा झाली ती १९९८ मध्ये. फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष या नात्याने प्रथम मान्य केली ती जाक शिराक यांनी, १९९५ साली.

म्हणजे २००९ चा प्रेक्षक हे सारे वाचून, ऐकून, कबूल करून चित्रपटगृहात आलेला होता, आणि समोर १९६७ चा उबेर निरागसपणे म्हणत होता, की अशी यादी असेल तर ती चुकीची असणार. खोटारड्या माणसाचा राग आला असता. उबेर खोटे बोलत नाही. त्याला जे शिकवले गेले त्यावर त्याचा विश्वास आहे. एका अधिकृत थापेवर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस हेरखात्यात असावा, यातला उपरोध वेगळा समजावण्याची गरज नाही.

ब्राझीलची निवडही हवेतली नाही. नाझी अधिकारी आइकमनला मोसादने १९६० मध्ये पळवले ते अर्जेंटिनातून; पण त्रेब्लिंका छळछावणीचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल ब्राझीलमध्ये सापडला, आणि त्याची अटक फेब्रुवारी १९६७ ची आहे. शिवाय १९६४ पासून ब्राझीलवर लष्कराची राजवट होती, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेला हुकूमशाहीवरचा संवाद ज्या मातीवर उभे राहून चालतो, तिनेही त्याला जोड दिली आहे. झिमेलचा मुलगा हाइनरिख हिप्पी झालेला आहे आणि बापाचा द्वेष करतो. युद्धात तुम्ही काय करीत होतात, हा प्रश्न त्या दशकात जर्मन तरुण पिढी आपल्या वडिलांना विचारू लागली होती. चित्रपटाने तो लांब केसांच्या एका पोरात बसवून टाकला आहे.

सगळ्यात धाडसी प्रसंग झिमेलच्या वाट्याला आला आहे. शेक्सपियरच्या 'व्हेनिसचा व्यापारी' मध्ये शायलॉक विचारतो, की ज्यू माणसाला डोळे नसतात काय, टोचले तर रक्त येत नाही काय. हेच भाषण झिमेल ज्यूच्या जागी नाझी घालून म्हणतो, तेही डोळ्यांत पाणी आणून. रूडिगर फोग्लर यांनी ते इतक्या कळवळ्याने म्हटले आहे, की क्षणभर प्रेक्षक भाषणाच्या लयीत वाहवतो आणि मग दचकतो. छळलेल्याची भाषा छळणाऱ्याने उचलली, की काय होते, हे एका मिनिटात दाखवणारा याहून नेमका विनोद मला तरी आठवत नाही.

कळस रिओतल्या ख्रिस्ताच्या पुतळ्यावर घडतो. उंच स्मारकावरची झटापट ही हिचकॉकची आवडती जागा. उबेरला उंचीची भीतीही दिली आहे, तीही तिथलीच उसनवारी. एक गोष्ट चित्रपट सांगत नाही, ती इथे नोंदवतो. हा पुतळा १९३१ मध्ये उभा राहिला आणि त्याचे शिल्पकार पॉल लांदोव्स्की हे फ्रेंच होते. नाझींनी १९४१ मध्ये फ्रेंच कलावंतांची जी बहुचर्चित जर्मनी-सहल घडवून आणली, तिच्यात लांदोव्स्की होते. नटवर्य बेलमाँदो यांचे शिल्पकार वडीलही त्या सहलीत होते. सहकार्याच्या यादीचा पाठलाग नेमका याच पुतळ्यापर्यंत यावा, हे लेखकांनी जाणून केले की आपसूक झाले, ते असो.

सगळे विनोद असे खोल नाहीत, आणि सगळे जमलेलेही नाहीत. आरंभी मारलेल्या चिन्यांचे नातेवाईक सूड घ्यायला पुन्हा पुन्हा उगवतात, त्यातली गंमत तिसऱ्या वेळी ओसरते. हिप्पींचा भाग लांबला आहे. याउलट रुग्णालयातला पाठलाग पाहावा : मारेकरी आणि उबेर दोघेही जायबंदी, धावणे कोणालाच शक्य नाही, पण पाठलाग तर झालाच पाहिजे, म्हणून दोघे कण्हत, खुरडत मार्गिका पार करतात आणि कॅमेरा मात्र थरारपटाची सगळी ऐट सांभाळतो.

आता खरा वादाचा मुद्दा. उबेर स्त्रियांना तुच्छ लेखतो, ज्यूंविषयी आणि अरबांविषयी नको ते बोलतो. मग चित्रपटही तसाच नाही काय? याचे उत्तर पटकथेच्या रचनेत आहे. अशा प्रत्येक वाक्यानंतर कॅमेरा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जातो आणि थोडा थांबतो. दोलोरेस, किंवा कैरोत बेरेनिस बेजो यांची लार्मिना, या कधी हसून साजरे करीत नाहीत. त्या बुचकळ्यात पडतात, थकतात, चिडतात, आणि काम मात्र त्याच तडीला नेतात. हशा त्या शांततेनंतर येतो. म्हणजे प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे संवादाने नव्हे, तर संकलनाने ठरवले आहे. धोका अर्थातच उरतो. चांगल्या अभिनेत्याच्या तोंडची मूर्ख वाक्ये लोकांच्या तोंडी बसतात, आणि संदर्भातून सुटलेले वाक्य उपरोधिक आहे की मनापासूनचे, हे ऐकणाऱ्याला कळेलच असे नाही. ही अडचण या प्रकारच्या विनोदाला जन्मजातच आहे.

हाझानाविसियुस आणि द्युजार्दां यांनी मिळून यानंतर 'द आर्टिस्ट' हा जो मूकपट केला, त्याला २०१२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली. बेजो, शिफमन आणि बुर्स हे जुने सहकारी तिथेही होते. जुन्या चित्रपटाची चाल हुबेहूब उचलण्याचे कसब त्यांनी या हेरपटांवरच घोटून घेतले होते. या नव्या मालिकेतला तिसरा चित्रपट २०२१ मध्ये आला तो निकोला बदो यांच्या दिग्दर्शनाखाली, १९८१ च्या आफ्रिकेत घडणारा. द्युजार्दां तेच, पण दिग्दर्शक बदलल्याने पोत बदलला : १९८१ चा चित्रपट कसा दिसत असे, याचा ध्यास तिथे पातळ आहे, आणि उबेरची वाक्ये नुसतीच आगाऊ वाटू लागतात. नव्याने पाहणाऱ्याने कैरो आणि मग रिओ असा क्रम ठेवावा. आधीच्या पाचांपैकी १९६५ चा बाहियातला चित्रपट मिळाला, तर तोही मध्ये पाहून घ्यावा; आपण ज्याचे विडंबन समजतो, त्यातले कितीतरी मूळ चित्रपटात गंभीरपणे करून ठेवलेले सापडते.